मागच्या दारावरचा ठिपका

सोमवार, ४ सप्टेंबर

आलो एकदाचे. सामान म्हणजे दोन ट्रंका, बाबांची रंगाची पेटी, माझ्या लेकीचं, ठकीचं, दप्तर आणि एक बादली. त्या बादलीत आम्ही निघताना काय काय कोंबलं होतं ते आठवून आत्ताही हसू येतंय. खोल्या गॅरेजच्या वर आहेत. दोनच, पण उजेड भरपूर. जिन्याला सतरा पायऱ्या. ठकीने तीनदा मोजल्या, कारण दुसऱ्या वेळी अठरा भरल्या. बाबांनी (म्हणजे माझे सासरे, पण 'सासरे' म्हणावं असं त्यांच्यात काही नाही) आल्या आल्या खिडकी उघडली, हात बाहेर काढून तळवा उजेडात धरला आणि म्हणाले, इथे रंग खरे दिसतील. म्हणजे घर पसंत.

चार वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा जो तो मला सल्ले देत होता. बाबांनी सल्ला दिला नाही, पॉलिश पेपर हातात दिला. त्यांचे हात थरथरायला लागले होते आणि माझे रिकामे होते. तेव्हापासून गाडीच्या रंगावर आलेले गंजाचे बारीक ठिपके काढणं हे माझं काम. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि चुका काढतात. बरं चाललं आहे आमचं.

गॅरेजच्या मालकांना अख्खी गल्ली काका म्हणते आणि त्यांच्या बायकोला काकू. दोघंही जिन्याच्या तोंडाशी उभे होते, जणू आम्ही त्यांच्या सख्ख्यातले. तासाभरात पाववाल्याने गरम पाव पाठवला, समोरच्या चांभारआजोबांनी बाबांसाठी स्टूल आणून दिलं आणि ठकीच्या वर्गाच्या बाई स्वतः येऊन तिचं नाव लिहून घेऊन गेल्या. ठकी नऊ वर्षांची आहे आणि सहसा कुणाला भाव देत नाही. बाईंना मात्र तिने बादली दाखवली.

ही वही बाबांच्या हुकमावरून घेतली आहे. कुठल्या गाडीला कुठला रंग किती मिसळला ते रोज लिहायचं. रंगापेक्षा माझंच जास्त होणार असं दिसतंय.

बुधवार, ६ सप्टेंबर

पहिलं काम औषधांच्या दुकानवाल्याचं. पांढरी गाडी, बॉनेटवर मोहरीएवढा ठिपका. गंमत म्हणजे हा भला माणूस ठिपक्याला बोट लावायला तयार नाही. कोपराने दाखवत होता, तेही हातभर लांबून. काकांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, 'साधा आहे. खडा उडालाय.' त्यावर औषधवाला इतका हसला की त्याला खोकला लागला.

काम बाबांच्या रीतीने केलं. आधी गाडी धुऊन कोरडी केली. ठिपक्याभोवती टेपचा चौकोन. पात्याच्या टोकाने सुटलेला रंग उचलला, मग पेन्सिलीच्या मागच्या रबराला पॉलिश पेपर गुंडाळून बारीक गोल गोल घासलं. वरून दिसतो त्याच्या दुप्पट गंज आत पसरलेला असतो, त्यामुळे पत्रा चांदीसारखा उजळेपर्यंत हात थांबवायचा नाही. एक कण जरी राहिला तरी महिन्याभरात रंगाला फोड येतो. मग गंज मारायचं पाणी, मग प्रायमर, मग काडीच्या टोकाने रंग. एकदम थेंब सोडायचा नाही. पापुद्र्यासारखे पाच-सहा हात द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा. वर चकाकीसाठी पारदर्शक लॅकर. शेवटी पाण्यात भिजवलेला सगळ्यात मऊ पेपर, पुन्हा गोल गोल, आणि फडक्याने पुसून उजेडात तिरकं बघायचं. कुठे होता ते मलाच सापडलं नाही.

बाबा म्हणाले, ठीक आहे. त्यांच्या तोंडून 'ठीक आहे' म्हणजे इतरांच्या तोंडून मिरवणूक. ठकी शाळेतून आल्यावर पाण्याचा वाडगा धरून बसली होती. पेपर किती भिजवायचा ते ती आता माझ्याहून ठामपणे सांगते.

सोमवार, ११ सप्टेंबर

आज काकांनी गाडी दिली. खरंच. जुनी आहे, फिकट निळी, पण चालते झकास. माझ्या आधी इथे जो चष्मेवाला कारागीर होता त्याची म्हणे. तो गेला, गाडी राहिली. मी म्हटलं वापरायला द्या, नावावर कशाला. तर काका हट्टालाच पेटले, कागद तुझ्याच नावावर हवेत, उगीच उद्या भानगड नको. सही करताना काकू माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. आता तू आमची झालीस, म्हणाल्या.

संध्याकाळी तिघं तळ्यापर्यंत जाऊन आलो. मी चालवायला, बाबा माझ्या शेजारी, ठकी मागे डाव्या बाजूला. ती जागा तिने कायमची बळकावली आहे. खिडकीच्या काचेवर बोटाने स्वतःचं नावसुद्धा लिहून टाकलं.

रविवार, १७ सप्टेंबर

सुटी. आपली गाडी आपण चकचकीत करू म्हणून पॉलिश करायला घेतली. बाबा मागच्या दारावरून तळवा फिरवत होते, तर एका जागी थांबले. मला म्हणाले, पोरी, इथे हात लाव. मला काहीच लागलं नाही. त्यांना लागलं. कडेला टेपच्या आत त्यांनी नखाएवढी जागा घासायला लावली तेव्हा दिसलं. निळ्याखाली प्रायमर, त्याखाली निळा, पुन्हा प्रायमर. झाडाच्या बुंध्यावर असतात तशी वर्तुळं. मी अकरापर्यंत मोजली. एकाच जागी अकरा वेळा दुरुस्ती. आणि काम असं की आम्हा दोघांनाही लाज वाटावी.

पुढच्या दोन्ही दारांवरही तेच. बाबा म्हणाले, एवढा चांगला हात असलेल्या माणसाचा गंज पुन्हा पुन्हा परत का यावा?  ठकी म्हणाली, गाडीला कांजिण्या झाल्या असतील. हसलो आणि रंग लावून टाकला.

शनिवार, २३ सप्टेंबर

पाववाल्याची गाडी आली. ठिपका पुढच्या डाव्या दारावर, मुगाच्या डाळीएवढा. त्याच्या शेजारी बसणारी म्हणजे त्याची म्हातारी आई. तिला हाताला धरून तो घेऊन आला होता आणि ती जिन्यावर बसून धापा टाकत होती. काकांनी भिंग लावलं. या वेळी साधा आहे असं म्हणाले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली आणि आत निघून गेले.

ठिपका विचित्र होता. वरचा रंग फुटलेला नाही, ओरखडा नाही, खड्याची खूण नाही. अखंड लॅकरच्या खाली गंज. हवापाणी लागल्याशिवाय पत्रा गंजेल कसा? बाबांनी पन्नास वर्षांत असा पाहिलेला नाही. घासताना पत्रा कोमट लागत होता, तोही सावलीत.

काम झालं आणि पुसून मागे सरले, तर म्हातारी उठून उभी होती. पाववाल्याने माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागला. एका ठिपक्यासाठी. मला संकोचून गेल्यासारखं झालं. गल्लीत लोक दारादारात उभे होते, पण जवळ कुणी आलं नाही.

रविवार, २४ सप्टेंबर

आमच्या गाडीवर ठिपका. मागच्या डाव्या दारावर, मोहरीएवढा. काल नव्हता, मी पैजेवर सांगते. लोकांचे ठिपके काढता काढता आपल्याच दारी. सवड झाली की काढीन.

सोमवार, २ ऑक्टोबर

ठकीला ताप. आठवडा झाला. खोकत नाही, कुठे दुखत नाही, नुसती निजून असते आणि जिना चढली की धाप लागते. डॉक्टरांनी तीनदा तपासलं. पहिल्या दोन वेळा रक्त, छाती सगळं पाहिलं. आज त्यांनी फक्त विचारलं की तुमची गाडी कुठे उभी असते. मला वाटलं, त्यांना घरी सोडायला सांगायचं असेल.

कामं खूप आहेत, सगळी साधी. आपल्या गाडीला हात लावायला वेळच नाही. बाबा मात्र दिवसातून दोनदा तो ठिपका बघून येतात. दोऱ्याने मापतात आणि दोऱ्याला गाठ मारतात. आज चार गाठी झाल्या. दुपारभर समोर चांभारआजोबांच्या दुकानात बसतात. परत आले की ठकीच्या उशाशी बसून राहतात.

सोमवार, ९ ऑक्टोबर

आज मी रंग आणायला गेले होते. परत आले तर बाबा गाडीच्या मागच्या दाराशी बसलेले. ठिपका काढून झाला होता. चार वर्षांत त्यांनी हातात पेपर धरला नव्हता. थरथर थांबावी म्हणून डावा हात उजव्या मनगटाला फडक्याने बांधून घेतला होता. ठकीला पांघरुणात गुंडाळून शेजारी बसवलं होतं आणि ती वाडगा धरून सगळं बघत होती. काम इतकं सुरेख की मी रागवायचं विसरले. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, तुला करू दिलं नसतं मी.

ठकी संध्याकाळी उठली. जेवली. दोनदा मागून घेतलं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

सकाळी पुढच्या डाव्या दारावर ठिपका. बाबांच्या दारावर.

मी सरळ पेटी काढली. पेपर भिजवला तर बाबांनी माझ्या हातावर फटका मारला. चौदा वर्षांत त्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नव्हतं.

'त्याला हात लावायचा नाही.'

'अहो बाबा, ठिपका आहे.'

'ठिपका नाही तो,' म्हणाले. 'बस इथे.'

मग सगळं सांगितलं. चांभारआजोबांकडून त्यांनी ते थोडंथोडं काढून घेतलं होतं. तो ज्या दारावर येतो, त्या दाराशी बसणाऱ्या माणसावर येतो. गंज आरपार गेला की माणूस जातो. वेळेत काढला तर वाचतो, पण ठिपका संपत नाही. काढणाऱ्याच्या घरातल्या कुणावर तरी जातो. पाववाल्याच्या आईचा मी काढला, तो ठकीवर आला. ठकीचा त्यांनी स्वतः काढला. चष्मेवाल्याला बायको होती, दोन मुलगे होते. तो इथून कुठेही गेलेला नाही.

मी म्हटलं, म्हातारपणी काय काय डोक्यात घेताय. म्हटलं, पण आवाज माझा मलाच खोटा वाटला. ठकी बाहेर दोरीवर उड्या मारत होती.

रविवार, १५ ऑक्टोबर

काकूंना गाठलं. मटार सोलत बसल्या होत्या. मला वाटलं होतं नाकबूल करतील, उलट माझ्यावर ओरडतील. त्यांनी मला बसायला पाट सरकवला आणि सोलता सोलता सांगून टाकलं, एखादी रीत समजवावी तसं. पूर्वी गाड्या नव्हत्या तेव्हा ठिपका कात्रीवर यायचा, पलंगाच्या दांड्यावर यायचा, कुलपावर यायचा. कुणाचा आहे तेच कळायचं नाही. घरंच्या घरं बसली. गाडीवर आला की निदान कुणाचा ते कळतं. म्हणून बाहेरून येणाऱ्या कारागिराला आधी गाडी देतात. गावातला माणूस गावातल्याचा काढणार नाही, कुणालाही आपलं घर आहे.

मी विचारलं, आणि मला घर नाही?

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. 'आहे ना. म्हणून तर तुझी एवढी काळजी घेतो आम्ही. ठकीची फी आम्ही भरू, तुला काही कमी पडू देणार नाही. माझी तीन नातवंडं आहेत गं. तू काढतेस म्हणून आहेत.'

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.  दुष्ट बाई असती तर मी तिच्याशी भांडू शकले असते.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

गाडी तिथेच टाकून बसने निघालो. तिघं. माझ्या धाकट्या बहिणीकडे, सहा तासांचा रस्ता. दीड तास झाला असेल. बाबांच्या समोरच्या लोखंडी दांड्यावर, बरोबर त्यांच्या छातीसमोर, तांबूस ठिपका. मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. थोड्या वेळाने मागच्या बाकाच्या दांड्यावर. बाबा हसले. म्हणाले, चल परत. तिथे निदान माझ्या दारावर आहे, इथे कुणाच्या बाकावर कोण बसेल.

परतलो. काकूंनी खोल्या झाडून ठेवल्या होत्या.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

बाबा गेले. दुपारी, गॅरेजसमोर, खुर्चीवर.

सकाळी मला म्हणाले होते, सुई आण. ठिपक्यावर टेकवली तर आत गेली, अडली नाही. त्यांनी सुई बाहेर काढली, नीट पुसली, परत दिली. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. पेपर घेऊन उठले तर म्हणाले, ठकीचा चेहरा बघ आणि मग हात लाव. ती समोर गृहपाठ करत होती. मी हात लावला नाही. हे मी लिहून ठेवते आहे. मला काढता आला असता आणि मी काढला नाही.

शेवटपर्यंत त्यांचा तळवा उजेडात उघडा होता.

सगळी गल्ली आली. सगळं त्यांनीच केलं. पाववाल्याने बाबांना खांदा दिला.

सोमवार, ६ नोव्हेंबर

मी काम बंद केलं आहे.

ठकीच्या बाईंची गाडी गुरुवारपासून फाटकाशी उभी होती. चालवणाऱ्याच्या दारावर ठिपका, मसुराएवढा. आमचं दुःख बघून त्या इतके दिवस थांबल्या होत्या, हे मला नंतर कळलं. आत बसून असायच्या. हॉर्न नाही, हाक नाही. मी खिडकीतून दिसले की मान खाली घालायच्या. ठकी माझा पदर धरून म्हणाली, आई, बाई चांगल्या आहेत. मला माहीत आहे चांगल्या आहेत.

मी खाली गेले नाही.

काल बाई वारल्या. ठकी माझ्याशी बोलत नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

मागच्या डाव्या दारावर ठिपका.

मी कुणाचा काढला नव्हता. कुणाचाही नाही. काकूंना विचारलं तर खाली बघून म्हणाल्या, अगं, आता तुम्ही इथलेच.

शनिवार, १८ नोव्हेंबर

नव्या कारागिरासाठी काकांनी आधीच जाहिरात दिली होती. आज तरुण जोडपं आलं. मुलगा हसतमुख, हात चांगला. बायकोला सातवा महिना. जिन्याच्या पायऱ्या मोजत वर आली आणि खिडकी पाहून खूश झाली.

ठकी आत निजून होती. श्वासाचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

काकांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, हात बघायच्या निमित्ताने तुझ्या गाडीवरच काम दे. पोरगी सुटेल तुझी.

मी त्याला मागच्या दाराशी नेलं. त्याने पेपर भिजवला, पेन्सिलीला गुंडाळला. अगदी बाबांसारखा. मला विचारलं, ताई, हाच ना ठिपका?

मी होकार देणार होते. खोटं कशाला लिहू, मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्याच्या बायकोने वरून हाक मारली की इथे पाळणा बसेल.

मी म्हटलं, हा नाही. रंगाच्या वाफेने पोटातल्या मुलांना अपाय होतो, इथे दोघांचं तसं झालंय, म्हणून सांगितलं. तासाभरात गेले.

काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, पुढचा येईपर्यंत महिना जाईल. तिच्याजवळ महिना नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

काढला.

सकाळभर लावली. पत्रा चांदीसारखा होईपर्यंत. एक कण ठेवला नाही. सहा हात रंग. बाबा असते तर ठीक आहे म्हणाले असते.

ठकी खिडकीतून बघत होती. संध्याकाळी उठली, केस विंचरून मागितले. माझ्याशी बोलली. विचारलं, आता तो कुठे जाईल?

मी म्हटलं, गेला. संपला.

 पोर मूर्ख नाही.

शनिवार, २५ नोव्हेंबर

माझ्या दारावर. बरं झालं.

बहिणीला पत्र टाकलं. ये आणि ठकीला घेऊन जा. गाडीतून नको, बसने. इथल्या कुठल्याही वस्तूशिवाय. इथली राहिली नाही तर कदाचित — कदाचित.

बुधवार, २९ नोव्हेंबर

सतरा पायऱ्या आता चार वेळा बसून.

पेटीला कुलूप घातलं आहे. पेपर, पाती, पाणी, सगळं आत. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. ठकीला जवळ घेऊन शपथ घातली, गाडीला हात लावायचा नाही. का, म्हणाली. मी म्हटलं, कारण मी सांगते. ती म्हणाली, आजोबांनी माझा काढला. तू माझा काढलास.

हो.

मग?

मी तिला निजवलं. 

शुक्रवार, १ डिसेंबर

मसुराहून मोठा. सुई अजून अडते, जेमतेम.

बहिणीचा निरोप आला. रविवारी सकाळी पोहोचते आहे. दोन दिवस. दोन दिवस ओढायचे, बस. ठकी पायाशी बसून असते. खूप शहाण्यासारखी वागते आहे. पाणी देते, उशी सारखी करते. गळ्याशी पांघरूण नीट —

हात थकतो.

शनिवार, २ डिसेंबर

दुपार असावी. गाढ झोप लागली होती.

श्वास येतोय. पोटापर्यंत. उठून बसले तर चक्कर नाही. भूक लागली आहे, कितीतरी दिवसांनी. खिडकीपर्यंत चालत गेले, धाप नाही. क्षणभर वाटलं सुटले — ठिपका आपोआप — असं होत असेल कधी —

ठकीला हाक मारली.

खोलीत नाही.

गळ्यात दोरा आहे. किल्ली —

खालून आवाज येतोय. पत्र्यावर पेपर. गोल गोल. थांबला. पाण्याचा. पुन्हा गोल गोल, हलक्या हाताने, बाबांनी जसं — नाही, हे शेवटचं घासणं आहे, हे मऊ पेपरचं — रंग लावून झालाय, लॅकर लावून — मी किती वेळ झोपले होते —

थांबला. आता फडकं. ती पुस —